'त्याआधी इथे काहीच नव्हतं' हे वाक्य काढा
कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा खोऱ्यातल्या (म्हणजे सिलिकॉन व्हॅलीतल्या) एका मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,
सप्रेम नमस्कार.

मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्यासाठी पत्र आहे त्यांना ते पोचेल, आणि बाकीच्या मंडळांनी वाचलं तरी बिघडणार काहीच नाही. आधी ईमेल केली, मग बैठकीत बोलले. दोन्हीकडून उत्तर आलं, 'बघू'. आपल्याकडे 'बघू'चा अर्थ काय होतो ते लहान पोरालाही कळतं, म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

विषय आहे वर्धापनदिनाची स्मरणिका आणि तिच्यासोबतचं 'आपलं खोरं' हे प्रदर्शन. मुद्रितशोधनासाठी स्मरणिकेची पीडीएफ माझ्याकडे आली, तिच्यातला इतिहासाचा विभाग असा उघडतो: 'शंभर वर्षांपूर्वी हे खोरं म्हणजे जर्दाळू आणि प्रूनच्या बागा. त्याआधी इथे काहीच नव्हतं.' पुढच्या पानावर 1939 मधलं पालो आल्टोचं, ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचं ते प्रसिद्ध गॅरेज, मग चिप, मग एच-वन व्हिसा, मग आपण आणि आपला गणपती. प्रदर्शनासाठी खोऱ्याच्या मूळ रहिवाशांवर मी तीन फलक लिहून दिले होते. मजकूर मंजूर झाला होता, मांडणी झाली होती. शेवटच्या बैठकीत तिन्ही वगळले. कारण तोंडी कळवण्यात आलं: उत्सवात दुःखाचे विषय कशाला, आणि मंडळात राजकारण नको.

मी इथे नव्वदच्या दशकापासून राहते. मुलं इथल्या सरकारी शाळांत शिकली, रविवारच्या मराठी शाळेत मी इतरांच्या मुलांना शिकवते, आणि माझी राखही बहुधा इथल्याच पाण्यात जाईल. तेव्हा हे खोरं कुणाचं होतं आणि ते त्यांच्या हातून कसं गेलं, हा माझ्यासाठी परक्यांचा इतिहास नाही. मी ज्या जमिनीचा मालमत्ता कर भरते, तिचा आहे.

आता तक्रारी.

पहिली त्या वाक्याबद्दलच. 1769 च्या नोव्हेंबरात गास्पार दे पोर्तोलाची स्पॅनिश तुकडी सान फ्रान्सिस्किटो ओढ्याकाठी, पालो आल्टोला नाव देणाऱ्या त्या उंच रेडवुडपाशी तळ ठोकून होती. तेव्हा सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या या टोकाला वस्ती होती आणि चांगली नांदती होती. ज्यांना आज सरसकट ओहलोनी म्हणतात ते एक राज्य किंवा एक टोळी कधीच नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोपासून मॉन्टेरेच्या दक्षिणेपर्यंत सुमारे पन्नास स्वतंत्र जमाती होत्या. प्रत्येकीची हद्द ठरलेली, प्रत्येकीचे मुखिये वेगळे, आणि एकाच कुळातल्या सात-आठ भाषा. ग्वादालुपे नदीच्या काठाने, आजच्या सॅन होजे आणि सांता क्लारा भागात तामिएन; माउंटन व्ह्यू आणि पालो आल्टोकडे पुइचोन; फ्रीमॉन्टच्या बाजूला तुइबुन; खाली गिलरॉयच्या पलीकडे मुत्सुन. एकूण लोकसंख्येचे अभ्यासकांचे अंदाज दहा हजारांच्या आगेमागे आहेत.

स्पॅनिश लोकांना हे खोरं ओकच्या मोठमोठ्या झाडांचं मोकळं कुरण दिसलं आणि त्यांना वाटलं, निसर्गतःच असं आहे. ते तसं नव्हतं. इथले लोक ठरल्या ऋतूत, ठरल्या जागी गवत पेटवत. त्यामुळे झुडपं माजत नसत, बियांचं गवत पुन्हा जोमानं येई, हरणं चरायला येत, टोपल्या विणायला सरळ कोवळे फुटवे मिळत आणि ओकखाली पडलेली फळं वेचायला जमीन मोकळी राही. 1793 मध्ये गव्हर्नर आर्रियागा याने फर्मान काढून हे वणवे बंद पाडले. 2020 च्या ऑगस्टमध्ये खोऱ्याच्या दोन्ही बाजूंचे डोंगर पेटले होते, आपण सगळे खिडक्या बंद करून एअर प्युरिफायर लावून बसलो होतो, ते आठवत असेल. आता राज्याची खाती आणि उद्यानं याच लोकांच्या वंशजांना बोलावून विचारतात, बाबांनो, आग कशी लावायची ते जरा सांगा.

ओकच्या फळाचं पीठ हे त्यांचं मुख्य अन्न. फळ वाळवायचं, कवच फोडायचं, खडकातल्या उखळीत कुटायचं. पण ते तसंच खाल्लं तर घसा धरतो, इतकं तुरट. म्हणून पिठावरून पुन्हा पुन्हा पाणी सोडून तो तुरटपणा काढायचा. सह्याद्रीतले आदिवासी कडूकंद वाहत्या पाण्यात ठेवतात ना, तीच बुद्धी. मग पाणीसुद्धा गळणार नाही अशा घट्ट विणीच्या टोपलीत पीठ आणि पाणी घालायचं आणि चुलीत तापवलेले दगड चिमट्याने त्यात सोडून सतत ढवळायचं, म्हणजे टोपली जळत नाही आणि आंबील रटरटते. हे सगळं माझ्या पहिल्या फलकावर होतं, चित्रासकट. यात दुःखाचं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

खाडीच्या काठाने शिंपल्यांचे प्रचंड उंचवटे होते. शेकडो-हजारो वर्षं तिथे लोक राहिले, जेवले आणि आपली माणसं पुरली. 1909 मध्ये नेल्स नेल्सन या पुरातत्त्व अभ्यासकाने असे 425 हून अधिक उंचवटे नकाशावर नोंदवले. आज बहुतेक सपाट झाले आहेत. कुणाची माती शेतात गेली, कुणाची रस्त्यात. एमरीव्हिलचा गेला आणि आज तिथे मॉल आहे. मॉलशेजारच्या रस्त्याला मात्र शेलमाउंड स्ट्रीट, म्हणजे शिंपल्यांच्या उंचवट्याचा रस्ता, असं नाव ठेवलं आहे. आधी वस्तू काढायची आणि मग तिच्या नावाची पाटी लावायची, ही रीत या राज्यात पुष्कळ दिसते.

आणि हिंगूळ! न्यू अल्मादेनच्या डोंगरात लाल हिंगुळाची खाण आहे हे इथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. अंगाला रंग लावायला ते तो काढत, आणि दूरदूरचे लोक त्यासाठी व्यापाराला येत. 1845 मध्ये आंद्रेस कास्तियेरो या मेक्सिकन अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की यातून पारा निघतो. पुढे सोन्याच्या धावपळीत सोनं वेगळं करायला हाच पारा वापरला गेला. खोऱ्याच्या या पहिल्या मोठ्या उद्योगाचं भांडवल म्हणजे मूळ रहिवाशांचं ज्ञान. स्मरणिकेत 'खोऱ्यातील उद्योजकता' असा चार पानी लेख आहे. त्यात न्यू अल्मादेनचा उल्लेखही नाही. तिथल्या तळ्यांवर 'पाऱ्यामुळे इथले मासे खाऊ नका' असे फलक अजून आहेत, सहलीला गेलात की बघा.

दुसरी तक्रार. विभागात मिशनचा, म्हणजे स्थानिकांना ख्रिस्ती करण्यासाठी स्पॅनिश पाद्र्यांनी वसवलेल्या ठाण्याचा, एक फोटो आहे. पांढरी भिंत, गुलाब, आणि खाली ओळ: 'खोऱ्यातील संस्कृतीची सुरुवात'. हे लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. एल कामिनो रेआल या मिशनांना जोडणाऱ्या जुन्या रस्त्यावर खांबांना टांगलेल्या त्या घंटा सगळ्यांना असंच सांगतात. पण मिशन चालायचं कसं, ते तरी एकदा वाचा.

12 जानेवारी 1777 ला मिशन सांता क्लारा स्थापन झालं. त्याच वर्षी 29 नोव्हेंबरला सॅन होजेचं पुएब्लो, म्हणजे नागरी वसाहत. मिशनबरोबर आणि पुएब्लोबरोबर गुरं आली, घोडे आले. ज्या गवताच्या बियांवर आणि कंदांवर माणसं जगत होती ते गुरांनी खाल्लं. गवत पेटवायला बंदी आली. ज्यांच्याशी कधी गाठ पडली नव्हती असे रोग आले. भूक आणि साथ यांच्या कात्रीत सापडून लोक एकेक करून मिशनच्या दारी गेले. बाप्तिस्मा घेतला की परवानगीशिवाय घरी जाता येत नसे. पळून गेलं तर शिपाई धरून आणत आणि चाबकाचे फटके बसत. लग्न न झालेल्या मुलींना आणि बायकांना रात्री एका खोलीत कोंडून बाहेरून कुलूप. 1806 च्या गोवराच्या साथीत खाडीभोवतीच्या मिशनांतली सुमारे एक चतुर्थांश माणसं काही महिन्यांत गेली. 1810 च्या सुमाराला खाडीभोवतीची स्वतंत्र गावं संपलेली होती. मिशन सांता क्लाराच्या नोंदवह्यांत 1832 पर्यंत साडेआठ हजारांच्या आसपास बाप्तिस्मे आहेत आणि साडेसहा हजारांहून अधिक मृत्यू. तुमच्या फोटोतल्या त्या गुलाबांच्या आसपास हजारो माणसं पुरलेली आहेत.

हे सगळं निमूट झालं असंही नाही. मिशन सान होसे, म्हणजे आजच्या फ्रीमॉन्टमधलं, तिथल्या एस्तानिस्लाओने 1828-29 मध्ये बंड केलं आणि मेक्सिकन फौजांना (तोवर स्पेनच्या जागी मेक्सिकोची सत्ता आली होती) दाद दिली नाही. स्टॅनिस्लॉस नदीला आणि काउंटीला त्याचंच नाव आहे. मिशन सांता क्लारातून फुटून निघालेला योस्कोलो 1839 मध्ये लॉस गॅटोसजवळच्या डोंगरात लढताना मारला गेला. त्याचं डोकं कापून मिशनसमोर खांबावर टांगलं. संभाजीराजांचं नाव घेताना ज्यांचा कंठ दाटून येतो, त्या आपल्या मंडळाने योस्कोलोचा फलक 'फार हिंसक' म्हणून काढावा याचं मला नवल वाटलं.

या गर्दीत मला सर्वांत जवळचा वाटतो लोपे इनिगो. पुइचोन घरातला मुलगा, जन्म 1781 च्या सुमाराचा, 1789 मध्ये बाप्तिस्मा. मिशनमध्ये वाढला, पुढे अलकाल्दे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा मुखिया, झाला. मेक्सिकोने मिशनं मोडीत काढली तेव्हा मिशनच्या जमिनीचा मोठा वाटा तिथल्या मूळ रहिवाशांना मिळायचा होता. प्रत्यक्षात तो बड्या रँचोवाल्यांनी, म्हणजे गुरांच्या मोठ्या जहागिरी असणाऱ्यांनी, लाटला. इनिगो त्या थोडक्यांपैकी, ज्यांना खरंच काही मिळालं: 1844 मध्ये गव्हर्नर मिचेलतोरेनाने त्याला खाडीकाठचा रँचो पोसोल्मी दिला, सतराशे एकरांच्या आसपास. अमेरिकन राजवट आली, कज्जे झाले, जमिनीचा बराच भाग हातचा गेला. म्हातारा मात्र 1864 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. त्या जमिनीवर आज मॉफेट फील्ड हा विमानतळ आहे. हायवे एकशे एक वरून जाताना दिसतो तो प्रचंड हँगर, नासाचं एम्स केंद्र, आजूबाजूच्या कचेऱ्या. आपल्या मंडळातले किती जण रोज सकाळी इनिगोच्या शेतात गाडी लावतात, मोजून बघा. माउंटन व्ह्यूमध्ये त्याच्या नावाचा छोटासा रस्ताही आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त बोचली आणि ती वगळण्याला काहीच सबब नाही, कारण ती आपल्या शहरात घडली. 'सॅन होजे, कॅलिफोर्नियाची पहिली राजधानी' असा अभिमानाचा चौकोन स्मरणिकेत आहे. खरं आहे. डिसेंबर 1849 मध्ये पहिलं विधिमंडळ इथेच भरलं. आज डाउनटाउनमध्ये जिथे सीझर चावेझ चौक आहे आणि आपण पोरांना नाताळची रोषणाई दाखवायला नेतो, तिथे. दारूच्या रेलचेलीमुळे त्याला 'हजार प्याल्यांचं विधिमंडळ' म्हणत. चौकोनात हा किस्सा आलाय. पण त्याच विधिमंडळाने त्याच गावात काय मंजूर केलं ते आलेलं नाही.

22 एप्रिल 1850 चा कायदा. नाव 'इंडियनांचे शासन आणि संरक्षण' अशा अर्थाचं. संरक्षण कसलं, तर कुणीही गोरा माणूस न्यायाधीशापुढे जाऊन म्हणू शके की अमुक इंडियन रिकामटेकडा फिरतोय किंवा दारू पितोय. मग त्या माणसाला चोवीस तासांच्या आत जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याच्या ताब्यात मजुरीला द्यायचं, चार महिन्यांपर्यंत. लहान मुलांना गोऱ्यांच्या घरी 'ठेवून घेता' येई, मुलगा अठराचा आणि मुलगी पंधराची होईपर्यंत. आणि इंडियन माणसाच्या साक्षीवरून कुठल्याही गोऱ्याला दोषी ठरवता येणार नाही, असं कलमच होतं. मुलं अशी 'ठेवून घ्यायची' मुभा 1863 मध्ये रद्द झाली. तोवर राज्यभर पोरं पळवून विकण्याचा धंदा उभा राहिला होता.

जानेवारी 1851 मध्ये पहिला गव्हर्नर पीटर बर्नेट याने विधिमंडळाला संदेश दिला, त्यात इंडियन वंश नष्ट होईपर्यंत दोन वंशांमध्ये संहाराचं युद्ध चालू राहील, असं बजावलं होतं. तेही सॅन होजेतच. पुढे सरकारी पैशाने सशस्त्र तुकड्या पाठवल्या गेल्या. 1846 च्या सुमाराला राज्यात सुमारे दीड लाख मूळ रहिवासी होते. 1873 पर्यंत तीस हजारांच्या आसपास उरले. जून 2019 मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी राज्याच्या वतीने अधिकृत माफी मागितली आणि या प्रकाराला नरसंहार असंच म्हटलं. सॅन होजेतल्या बर्नेटच्या नावाच्या माध्यमिक शाळेचं नाव बदलून आता मुवेकमा ओहलोनी मिडल स्कूल झालं आहे. आपल्या काही सभासदांची मुलं त्या शाळेच्या मैदानावर खेळायला जातात. राज्याचा गव्हर्नर जे उघडपणे बोलतो ते आपल्या स्मरणिकेला राजकारण वाटावं, हे जरा जास्तच झालं.

चौथी तक्रार स्मरणिकेच्या शब्दकोड्यातली आहे, पण म्हणून सोडणार नाही. 'या खोऱ्यातील नामशेष जमात, तीन अक्षरी.' उत्तर: ओहलोनी. (अक्षरं मोजली तर चार होतात, ते वेगळंच.)

नामशेष! हा गैरसमज काही आपल्या संपादक मंडळाने काढलेला नाही, त्याला मोठी वंशावळ आहे. 1925 मध्ये आल्फ्रेड क्रोबर या बर्कलीच्या नामांकित मानववंशशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियाच्या जमातींवरच्या आपल्या जाडजूड ग्रंथात लिहून टाकलं की हा समूह व्यवहारतः संपलेला आहे. गंमत अशी, की त्याच दशकात जॉन हॅरिंग्टन नावाचा भाषाभ्यासक प्लेझंटनजवळ मारिया दे लोस आन्हेलेस कोलोस आणि होसे गुस्मान यांच्यासमोर बसून त्यांच्या तोंडून चोचेन्यो ही ओहलोनी कुळातली भाषा उतरवून घेत होता. 1929 मध्ये तो आसेन्सिओन सोलोर्सानो यांच्याकडे गेला. या बाई गिलरॉयच्या नावाजलेल्या वैदू, घरी येईल त्याला औषध देणाऱ्या. मुत्सुन भाषा अस्खलित येणाऱ्या त्या शेवटच्या. मरणपंथाला लागलेल्या असताना त्यांनी झाडपाला, गाणी, गोष्टी, शब्द जितकं आठवेल तितकं सांगितलं. हॅरिंग्टनने वह्यांमागून वह्या भरल्या. 1930 मध्ये त्या गेल्या. आज त्यांचे वंशज आणि आमाह मुत्सुन जमातीचे लोक त्याच टिपणांवरून भाषा पुन्हा शिकतात. चोचेन्योचंही तसंच चाललं आहे. आपली मराठी शाळा चालवताना पालकांच्या विनवण्या करून माझ्या नाकी नऊ येतात, आणि आपल्या भाषेचे तर आठ कोटींहून अधिक बोलणारे आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या टिपणांतून क्रियापदं शोधून पोरांना शिकवणाऱ्यांना नामशेष म्हणायला जीभ कशी रेटते?

नामशेष म्हणण्याचे परिणाम कागदोपत्रीही असतात. मुवेकमा ओहलोनी या आजच्या जमातीच्या पूर्वजांचा समूह 'अलामेडा काउंटीचा वेरोना बँड' या नावाने 1906 पासून केंद्र सरकारच्या नोंदीत होता. 1927 मध्ये सॅक्रामेंटोच्या एका सरकारी अधिकाऱ्याने जमिनीची गरज असलेल्यांच्या यादीतून त्याला वगळून टाकलं. संसदेने कायदा केला नव्हता की कोर्टाने निकाल दिला नव्हता. तेव्हापासून ही माणसं मान्यता परत मागत आहेत. 2002 मध्ये अर्ज फेटाळला गेला, 2011 मध्ये कोर्टातही हरले. 2022 मध्ये सुनोलच्या उत्खननात सापडलेल्या अस्थींचा आणि आजच्या मुवेकमा सभासदांचा डीएनए ताडून पाहिला, तेव्हा दोन हजार वर्षांचं सलग नातं दिसलं. तो अभ्यास जमातीच्या सहभागाने झाला. 2024 मध्ये त्यांच्यातले काही जण सॅन फ्रान्सिस्कोहून घोड्यांवरून वॉशिंग्टनला निघाले. ग्रीन कार्डच्या रांगेत पंधरा-पंधरा वर्षं उभ्या असलेल्या आपल्या लोकांना 'कागद नाही म्हणून तू नाहीस' हे प्रकरण समजावून सांगावं लागू नये.

'राजकारण नको' याबद्दल एक आठवण करून देते. 2016 मध्ये राज्याच्या इतिहास-समाजशास्त्राचा अभ्यासक्रम आराखडा बदलत होता. प्राचीन भारताच्या प्रकरणात कुठला शब्द असावा, कुठला नसावा यावरून आपल्यातले कितीतरी जण सॅक्रामेंटोला, राज्याच्या आजच्या राजधानीत, सुनावणीला गेले. मंडळाच्या गटावर गाड्या ठरत होत्या, कुणाच्या गाडीत किती जागा आहेत याचे संदेश दिवसभर. आपला इतिहास दुसऱ्यांनी चुकीचा सांगू नये ही भावना योग्यच होती. पण त्याच आराखड्यात, त्याच वर्षी, चौथीच्या मुलांनी साखरेच्या खड्यांची मिशनं बांधण्याचा जुना प्रकल्प शिक्षणाच्या दृष्टीने कुचकामी आहे, असंही राज्याने लिहून ठेवलं. ते पान आपल्यापैकी कुणी वाचलं नाही. माझ्या मुलीच्या वेळचं साखरेचं मिशन आमच्या गॅरेजमध्ये बरीच वर्षं होतं, मुंग्या लागेपर्यंत. आपल्या इतिहासासाठी सॅक्रामेंटो जवळ, आणि ज्यांच्या अंगणात राहतो त्यांच्यासाठी तीन फलकांनाही जागा नाही?

वेशभूषा स्पर्धेबद्दल थोडक्यात. दरवर्षी दोन-तीन मुलं डोक्याला पिसांचा मुकुट लावून, तोंडावर हात मारत 'रेड इंडियन' होऊन येतात आणि बक्षीसही घेतात. तो मुकुट इथला नाही, मैदानी प्रदेशातल्या जमातींचा आहे, आणि त्यांच्यातही तो मानाने मिळवावा लागतो. कुणी धोतर नेसून, शेंडी लावून आपल्या बापजाद्यांची नक्कल केली तर आपण हसलो असतो का, एवढंच विचारते.

फलकांऐवजी कार्यक्रमाच्या सुरुवातीला 'ही भूमी ओहलोनींची आहे' अशी एक ओळ वाचू, असा तोडगा एका सभासदांनी मला फोनवर सुचवला. हेतू चांगला होता. पण दीपप्रज्वलन आणि प्रायोजकांच्या जाहिरातीच्या मध्ये ती ओळ घाईघाईने म्हणायची आणि पुढे 'इथे काहीच नव्हतं' असं छापायचं, यापेक्षा ती न म्हटलेली बरी.

माझ्या मागण्या अशा आहेत.

स्मरणिका अजून छापखान्यात गेलेली नाही. 'त्याआधी इथे काहीच नव्हतं' हे वाक्य, मिशनच्या फोटोखालची ओळ आणि कोड्यातला 'नामशेष' हा शब्द काढावा. राजधानीच्या चौकोनात 1850 च्या कायद्याची दोन वाक्यं घालावीत. प्याल्यांचा किस्सा राहू द्या, तो खरा आहे.

तिन्ही फलक मूळ मजकुरासह परत लावावेत. मजकुरात चूक असेल तर दाखवावी, मी दुरुस्त करीन. 'अप्रिय' ही चूक धरणार नाही.

पुढे जे काही करू ते या लोकांना विचारून करावं. मुवेकमा ओहलोनी, तामिएन नेशन आणि आमाह मुत्सुन यांना रीतसर पत्र लिहून, त्यांना यावंसं वाटलं तर वक्ता म्हणून बोलवावं, आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्या कलावंताला देतो तसंच मानधन द्यावं. कुठला भाग कुणाचा, यावर त्यांच्यात आपसात मतभेद आहेत. त्यात आपण न्यायाधीश होऊ नये. एका खोऱ्यात एकाहून अधिक संस्था का असतात हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको.

मंडळाने मान्यतेच्या लढ्यावर ठराव करावा असं मी म्हणत नाही. सभासदांनी आपापल्या खासदाराला लिहायचं की नाही ते आपापलं ठरवावं. मराठी शाळेच्या अभ्यासक्रमात मात्र खोऱ्याच्या मूळ रहिवाशांवर एक धडा असावा आणि वार्षिक सहल एकदा तरी फ्रीमॉन्टच्या कोयोटी हिल्सला जावी. तिथे शिंपल्यांचा एक उंचवटा शाबूत आहे आणि मार्गदर्शकांसोबत तो पाहता येतो. व्हीटीएच्या, म्हणजे इथल्या सार्वजनिक वाहतुकीच्या गाडीने जाणाऱ्या मुलांना तामिएन आणि ओहलोनी-चिनोवेथ ही स्टेशनं कुणाच्या नावाची आहेत तेवढं तरी सांगता यावं. तामिएन स्टेशनच्या बांधकामात जुन्या दफनांचे अवशेष निघाले होते, म्हणून ते नाव आहे.

वेशभूषा स्पर्धेच्या नियमांत पिसांच्या मुकुटाबद्दल एक ओळ घालावी. बक्षिसं कमी पडणार नाहीत, मावळे पुष्कळ आहेत.

छपाईची अंतिम तारीख खजिनदारांनी महिन्याची वीस सांगितली आहे. त्याआधीच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि जो निर्णय होईल तो कारणासह इतिवृत्तात लिहावा. 'बघू' लिहायचं असेल तर तेही लिहा, पण कोण बघणार आणि कधीपर्यंत ते सोबत असू द्या. फलक पुन्हा छापायचा खर्च मी आणि आणखी काही सभासद देऊ. त्यांची नावं खजिनदारांना कळवली आहेत.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद आणि मराठी शाळेतली शिक्षिका
सनीव्हेल